ओनामा ते शिकवणी : मराठी अक्षरओळखीचा घरोघरचा इतिहास

सीमाभागातील मराठी घरांत अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो. मूल घरी मराठी बोलते, आजीकडे हट्टही मराठीतच धरते. पण मराठी गोष्टीचे पुस्तक हाती दिले की त्याला ते वाचता येत नाही. अशा मुलाला मराठी लिहा-वाचायला शिकवणारे कोणी मिळेल काय, असे आईवडील विचारतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मुलांच्या शाळेचे माध्यम कन्नड किंवा इंग्रजी असते. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू वा इंग्रजी. माध्यम बदलते, प्रश्न तोच राहतो.

या प्रश्नाकडे आपल्या समाजात दोन प्रकारे पाहिले जाते. काहींना खासगी शिकवणी म्हणजे आपल्या पराभवाची कबुली वाटते. ज्या भाषेसाठी शिकवणी लावावी लागते ती भाषा संपलीच, असे ते म्हणतात. उलट काहींना वाटते की आठवड्यातून दोन संध्याकाळ शिकवणी लावली की काम भागले. मराठी शाळेचा आग्रह आता हवा कशाला? या दोन्ही मतांना इतिहास साथ देत नाही, असे आमचे म्हणणे आहे. मराठीची अक्षरओळख कित्येक शतके खासगीच होती. तिला कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण ती खासगी होती तोवर मूठभरांचीच राहिली, हेही तितकेच खरे आहे.

शब्दांत उरलेली शाळा

या जुन्या खासगी शिक्षणाचा सर्वांत सुलभ पुरावा आपल्या बोलण्यातच आहे. एखाद्या कामाचा ‘ओनामा’ झाला, असे आपण म्हणतो. शिक्षणाच्या आरंभी मुलाकडून ‘ॐ नमः सिद्धम्’ म्हणवून घेत, लिहवून घेत. मुलांच्या तोंडी त्याचे ‘ओनामासिधं’ झाले आणि त्यातून ओनामा हा शब्द भाषेत रुळला. ‘श्रीगणेशा करणे’ या वाक्प्रचाराचे मूळही आरंभीच्या ‘श्रीगणेशाय नमः’ या नमनात आहे. थोरांचा ‘कित्ता गिरवणे’ हे तर सरळ पंतोजींच्या हाताखालचे काम. पंतोजी वळणदार अक्षरांचा नमुना घालून देत आणि मूल त्यावरून पुनःपुन्हा हात फिरवी. ‘धुळाक्षरे’, ‘उजळणी’, ‘परवचा’ हे शब्दही त्याच शाळेतले आहेत. पत्राच्या आरंभी कोणाला कोणत्या उपाधीने संबोधावे, त्या ‘मायन्या’चे धडेही तेथेच मिळत.

हे शब्द बेळगावात, पणजीत, इंदुरात आणि बडोद्यात सारखेच समजतात. कोणत्याही शिक्षणखात्याचा जन्म होण्यापूर्वीच ते या सर्व ठिकाणी पोहोचले होते. जेथे मराठी कारकून, व्यापारी, पुजारी आणि शिपाई गेले, तेथे त्यांच्या मागोमाग मुलांना अक्षरे शिकवणारा पंतोजीही गेला.

पंतोजींची शाळा कशी चाले

या शाळेला स्वतःची इमारत नसे. देवळाचा सभामंडप, धर्मशाळा, एखाद्या वाड्याची ओसरी किंवा पंतोजींचे घर, हीच शाळा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला चांगला दिवस पाहून तेथे बसवीत. दसऱ्याला पाटीची आणि सरस्वतीची पूजा होई. पहिले लेखन कागदावर नव्हे. लाकडी पाटीवर विटकरीची पूड किंवा बारीक माती पसरायची आणि तिच्यावर बोटाने वा काडीने अक्षर काढायचे; चुकले की पाटी हलवायची, पुन्हा कोरी. कागद महाग असलेल्या काळात ही धूळपाटी अतिशय शहाणपणाची योजना होती. हात बसला की मग बोरू, शाई आणि कागद यांची पाळी येई.

शिकवायचे विषय मोजके असत. मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे. त्यानंतर मोडीचे वळण, कारण हिशेब, पत्रे आणि दस्तऐवज मोडीत लिहिले जात. पोथ्यांसाठी बाळबोध लिपी होती, पण पोटापाण्याची लिपी मोडीच. गणितात पाढे आणि त्यांच्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे. संध्याकाळी मुले एकसुरात परवचा म्हणत. मोठी मुले धाकट्यांना शिकवीत, त्यामुळे एकाच पंतोजींच्या हाताखाली निरनिराळ्या इयत्तांची मुले एकत्र बसू शकत.

पंतोजींना वेतन देणारे सरकार नव्हते. दर मुलामागे महिन्याला काही आणे, सणावाराला शिधा, मुलाच्या मुंजीत किंवा लग्नात काही मान, यांवर त्यांचा चरितार्थ चाले. म्हणूनच या शाळा आजच्या अर्थाने पूर्णपणे खासगी शिकवण्या होत्या. पालकाला गरज वाटली तर पंतोजी टिके. गाव गरीब झाले की तो दुसऱ्या गावी जाई.

या व्यवस्थेचा विस्तार किती होता? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना, १८२०च्या दशकात, जिल्हाधिकाऱ्यांकडून देशी शाळांची माहिती मागवण्यात आली. पुढे रा. वि. परुळेकरांनी ही कागदपत्रे संपादित करून प्रसिद्ध केली. १८२९ पर्यंतच्या मोजणीत इलाख्यात १,७०५ शाळा आढळल्या. त्यांपैकी सरकारी शाळा अवघ्या २५ होत्या. उरलेल्या १,६८० गावोगावच्या देशी शाळा. म्हणजे कंपनी सरकारचा अंमल बसून दहा वर्षे लोटली, तरी इलाख्यातील अक्षरओळखीचा जवळजवळ सारा भार खासगी पंतोजीच वाहत होते. आजचा बेळगाव जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. तो धारवाडातून १८३६ साली निराळा करण्यात आला.

ओसरीबाहेर राहिलेले

याच मोजणीची दुसरी बाजू आपण विसरता कामा नये. इलाख्याची लोकसंख्या ४६ लाखांवर होती आणि या सर्व शाळांत मिळून मुले सुमारे ३५ हजार. त्या ओसरीवर कोण बसे? ब्राह्मणांची मुले, व्यापाऱ्यांची मुले, काही पाटील-देशमुखांची आणि कारागिरांची. ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांच्या मुलांना तेथे प्रवेश नव्हता. मुली जवळजवळ नव्हत्याच. शेतकऱ्याच्या मुलाला पंतोजींचे आणे परवडत नसत आणि शेताच्या कामातून सवडही नसे. पंतोजी वाईट होते म्हणून असे घडले, असे नव्हे. ज्या व्यवस्थेत शिक्षण पालकाच्या ऐपतीवर आणि गावाच्या रूढीवर सोपवलेले असते, त्या व्यवस्थेत असेच घडते.

शिकवण्याच्या पद्धतीतही एक उणीव होती. मुलाचे अक्षर वळणदार होई, पाढे तोंडपाठ होत. पण मुलासाठी लिहिलेले असे वाचायला काहीच नसे. छापील पुस्तक आले तेव्हा हे बदलू लागले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८च्या सुमारास प्रसिद्ध झाली, तेव्हा मराठी मुलाच्या हाती त्याच्या वयाचे वाचन पडले.

मुलींच्या बाबतीत खासगी शिकवणी हा कधी कधी एकमेव मार्ग ठरला. १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी विवाह होऊन आलेल्या रमाबाई रानड्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी घरीच लिहा-वाचायला शिकवले. घरातील स्त्रियांचा विरोध सोसत त्या कशा शिकल्या, हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात नोंदवले आहे. पण ज्या घरात रानडे नव्हते त्या घरातील मुलीचे काय? या प्रश्नाचे उत्तर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात शाळा काढून दिले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीरावांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणावर सरकारने भर द्यावा आणि ते निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. पुढे सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचे केले. अक्षर सर्वांचे झाले ते या वाटेने. ओसरीवरून जे साधले नव्हते ते सार्वजनिक शाळेने साधले.

राज्य परभाषेचे, अक्षर मराठी

मात्र मराठी भाषकांचा मोठा भाग अशा राज्यांत राहत होता, जेथे सार्वजनिक शाळेची भाषा मराठी नव्हती. तेथे खासगी शिक्षणाचे महत्त्व वेगळेच ठरले.

गोव्याचे उदाहरण प्रथम घेऊ. पोर्तुगीज सत्तेने १६८४ साली फर्मान काढून स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम केला. पुढील काळातही सरकारी शिक्षण पोर्तुगीजमधूनच राहिले. तरीही गोमंतकातील हिंदू घरांत मराठी वाचन टिकले, ते देवळांच्या अग्रशाळांत आणि घरांच्या ओसऱ्यांवर शिकवणाऱ्या मास्तरांमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी या विखुरलेल्या प्रयत्नांना संस्थेचे रूप येऊ लागले. १९०८ साली पणजीत स्थापन झालेल्या मुष्टिफंड संस्थेचे नावच तिचा इतिहास सांगते. घरोघरी मूठमूठ तांदूळ बाजूला काढून ठेवायचे आणि त्यातून मराठी शाळेचा खर्च भागवायचा, अशी ती योजना होती. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंवरील निर्बंध सैल झाले आणि खासगी मराठी शाळांची संख्या वाढली. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. त्या शाळांना मराठीची परंपरा आयती मिळाली, कारण मुठीमुठीने ती कोणी तरी जपली होती.

निजामाच्या राज्यातही असेच घडले. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. मराठी टिकली ती लोकांनी वर्गणीने चालवलेल्या शाळांत. हैदराबादेतील विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यातील नूतन विद्यालय या १९०७ च्या संस्था, औरंगाबादचे सरस्वती भुवन १९१५चे. गुलबर्गा आज कर्नाटकात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या संस्थांचा पसारा कळतो. १९२०च्या दशकात निजाम सरकारने खासगी शाळा काढण्यासाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली आणि त्यामुळे अनेक लहान शाळा बंद पडल्या. एक मास्तर आणि वीस मुले, एवढ्या लहान शाळेचेही सरकारला भय वाटावे, यातच तिचे बळ दिसते. आणि सरकारच्या एका नियमाने ती बंद पडू शकते, यात तिचा दुबळेपणाही.

याउलट तंजावरकडे पाहावे. तेथे मराठ्यांचे राज्य १८५५ पर्यंत होते. दरबाराचे कागद मोडीत लिहिले जात. सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आजही आहे. तेथील मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली गेली. पण राज्य गेल्यावर अक्षरओळखीची सोय राहिली नाही. लिहिण्या-वाचण्याचे व्यवहार तमिळमध्ये होऊ लागले. आपल्याच पूर्वजांनी लिहिलेले कागद वाचू शकणारी माणसे त्या समाजात थोडी उरली. गोवा आणि तंजावर यांतील हा फरक बोलण्याचा नव्हे, वाचण्याचा आहे. भाषा जिभेवर दीर्घकाळ राहू शकते. पण वाचता न येणाऱ्या पिढीला त्या भाषेतील ज्ञान, वाद, विनोद, वृत्तपत्र, न्यायालयाचा कागद, काहीच मिळत नाही.

बेळगावचा धडा

बेळगावची स्थिती या दोहोंहून निराळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता आणि येथे मराठी व कन्नड दोन्ही माध्यमांच्या सार्वजनिक शाळा होत्या. तंजावरप्रमाणे येथे अक्षरओळखीची सोय नाहीशी झाली नाही. गोव्याप्रमाणे ती मुठीमुठीने उभी करण्याची पाळीही तेव्हा आली नाही. राज्यपुनर्रचना होत असतानाच संविधानात सातव्या दुरुस्तीने ३५०-अ हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात यासाठी प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने प्रयत्न करावा, असे तो सांगतो. ज्यांना नकाशाच्या रेषेने दुसऱ्या राज्यात टाकले त्यांच्या मुलांसाठीच ही तरतूद होती.

पुढचा वाद, महाजन आयोग आणि न्यायालयीन लढा वाचकांना ठाऊक आहे. त्याची पुनरुक्ती येथे करत नाही. शिक्षणाच्या बाबतीत मात्र ६ मे २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ध्यानात ठेवावा. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, राज्य ते लादू शकत नाही, असे घटनापीठाने कर्नाटकाच्या प्रकरणात ठरवले. या निकालाचा उल्लेख आपण सरकारला सुनावण्यासाठी करतो. पण तो आपल्यालाही काही सुनावतो. निवड पालकांची असेल तर मराठी शाळेतील पट कमी होण्याची सारी जबाबदारी सरकारवर टाकता येत नाही. आपल्यातील बरीच मुले कन्नड शाळेकडे नव्हे, इंग्रजी शाळेकडे गेली आहेत, आणि तेथे त्यांना आपणच नेले आहे. त्या निवडीमागची पोटाची चिंता आम्हांला कळते. पण ज्या घराने ती निवड केली, त्या घरावर मुलाला मराठी अक्षर देण्याचे कर्तव्य अधिकच येते. शिकवणीचा प्रश्न येथे उभा राहतो.

शिकवणीत काय शिकवावे

कन्नड शाळेतील मुलाला मराठी वाचन शिकवणे वाटते तितके अवघड नाही. वर्णमालेचा क्रम बहुतेक तोच आहे. कन्नडमधील ‘कागुणित’ म्हणजे आपली बाराखडी. ‘ळ’ दोन्ही भाषांत आहे. मुलाला आधीच ठाऊक असलेल्या या रचनेचा उपयोग करून घ्यावा; त्याला कोरी पाटी समजू नये.

अडते ते ठरावीक ठिकाणी. कन्नडमध्ये शब्दाच्या अखेरचा अकार उच्चारला जातो, म्हणून मूल ‘घर’ वाचताना शेवटचा ‘र’ पूर्ण उच्चारते. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांना वेगळी अक्षरे आहेत, मराठीत नाहीत. कन्नड जोडाक्षरात दुसरे व्यंजन खाली लोंबते, मराठीत बहुधा पहिले व्यंजन अर्धे होऊन आधी येते. ‘र’ची रूपे तर वेगळी शिकवावीच लागतात, ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ आणि ‘सुऱ्या’ हे चार शब्द शेजारी शेजारी लिहून दाखवले तर मुलाला ती पटकन कळतात.

हिंदी शाळेतील मुलाची अडचण उलट असते. लिपी तीच असल्यामुळे ते भराभर वाचते, पण हिंदी वाचते. ‘बाळ’चे ‘बाल’ होते, ‘ज्ञान’चे ‘ग्यान’ होते, आणि ‘चाक’मधला ‘च’ ‘चहा’तल्या ‘च’सारखा उच्चारला जातो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, हे दोन शब्द लिहिताना सारखे आणि बोलताना वेगळे, ही गंमत मोठ्याने वाचून दाखवल्यावाचून समजत नाही. बडोद्याच्या मुलाला अक्षरांवर शिरोरेखा देण्याची सवय लावावी लागते. ‘ळ’ची ओळख त्याला गुजरातीतून असतेच.

पंतोजींच्या उणिवेपासूनही धडा घ्यावा. आजच्या बऱ्याच शिकवण्या कित्त्यापाशी सुरू होतात आणि कित्त्यापाशीच संपतात. अक्षर वळणदार होते, पण मूल पुस्तक उघडत नाही. जोडाक्षरे पुरी होण्याची वाट न पाहता सोप्या शब्दांची गोष्ट पहिल्या महिन्यातच हाती द्यावी. घरातल्या मोठ्यांनी रोज थोडे वाचून दाखवावे. शिकवणारा भाषेचा पदवीधर असलाच पाहिजे असे नाही; निवृत्त झालेली शिक्षिका, वाचनाची आवड असलेली आजी, महाविद्यालयात शिकणारी ताई हे काम उत्तम करू शकतात. शाळेत नोकरीवर असलेल्या शिक्षकांना खासगी शिकवणी करण्यास शिक्षणहक्क कायद्याच्या २८व्या कलमाने मनाई आहे, एवढे ध्यानात ठेवून त्यांना या कामात ओढू नये.

आणि ही शिकवणी कोणासाठी, हे आधीच ठरवावे. केवळ फी देऊ शकणाऱ्यांच्या मुलांसाठी ती भरली तर आपण पुन्हा त्या जुन्या ओसरीवर जाऊन बसू. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. जी मुले शाळेत येत नव्हती त्यांच्या अंगणातच शाळा नेण्याचा विचार त्यातून पुढे आला. तो प्रयत्न खासगी होता, पण दार सर्वांना उघडे होते. म्हणूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून देशभर पोहोचला. गल्लीतल्या देवळात, वाचनालयात, गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत भरणारा मराठी वाचनवर्ग गवंड्याच्या, विणकराच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलालाही खुला असला पाहिजे. फीऐवजी मुष्टिफंडाची मूठ आजही चालू शकते.

हे करताना दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. मुलाने कन्नड उत्तम शिकावी, हिंदी, गुजराती, तेलुगू उत्तम शिकावी. शेजाऱ्याची भाषा येणे ही सीमेवरच्या माणसाची मिळकत आहे. आणि शिकवणी चालू आहे म्हणून मराठी शाळेवरचा हक्क सोडू नये. ज्या गावात मराठी शाळा आहे तेथे पट टिकवण्यासाठी घरोघर जावे. जेथे ती बंद करण्याची भाषा सुरू होईल तेथे ३५०-अ अनुच्छेदाचा आधार घेऊन लेखी निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. गोव्याच्या मास्तरांनी मराठी तोवर जपली, जोवर सार्वजनिक शाळा येऊ शकली. त्यांनी स्वतःला त्या शाळेचा पर्याय मानले नाही. आपणही मानू नये.

येत्या दसऱ्याला घरोघरी पाटीपूजन होईलच. त्या पाटीवर मुलाच्या हातून मराठीचा श्रीगणेशा व्हावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी त्याला वाचायला शिकवणारे कोणी बसलेले असावे, एवढी व्यवस्था प्रत्येक वस्तीने आतापासून करावी, अशी आमची विनंती आहे.